मधलं बटण

१

धाकटी परत आली ती ताईसाठी. लोकांना ती सांगायची की इथल्या बायकांसाठी काहीतरी करायचं आहे, आणि तेही खोटं नव्हतं. पण दूरदेशी कायदा शिकताना वर्गात मारहाणीचा एखादा खटला निघाला की तिच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा यायचा. शेवटी तिने गाशा गुंडाळला, इथल्या एका सल्ला केंद्रात काम धरलं आणि पहिल्याच आठवड्यात दुपारची ताईच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

खाली भाऊजींचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलांवरच्या काचा. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दुकानातला प्रत्येक आवाज जिन्यावरून सरळ वर यायचा. आधी पट्टी ठेवल्याचा, मग काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढल्याचा, किर्र असा लांबलचक. मग थोडी शांतता. मग टक्. काच तुटली.

"मधली शांतता ऐकतेस ना?" ताई भांडी पुसता पुसता म्हणाली. "ती लांबली की माणूस ताळ्यावर आहे. रेघ ओढली नाही तोच टक् झालं की समजायचं, आज जेवण भिंतीवर जाणार."

"दे इकडे फोन. आणि हसू नकोस."

"हसत नाहीये गं. ओठ फाटलाय, तो तसा दिसतो."

धाकटीने दात आवळले आणि फोन हातात घेतला. हे काम ती आता डोळे मिटून करू शकली असती. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोन ती सगळ्यात आधी मागून घ्यायची. पडद्यावर बोट दाबून धरायचं, थांबायचं, बदल करायची पाटी आली की खालच्या दोन कोपऱ्यांवर जायचं.

"बघ. फोनला कुलूप असतानासुद्धा या दोन गोष्टी उघडतात. डावीकडे टॉर्च आहे, उजवीकडे कॅमेरा. दोन्ही काढते. डावीकडे आवाज रेकॉर्ड करायचं टाकते. दाबलंस की सुरू, आणि रेकॉर्ड झालेलं आपोआप माझ्याकडे. उजवीकडे मला फोन."

"अगं, टॉर्च लागतो मला. लाइट जातात."

"मेणबत्ती लाव."

"आणि पासवर्ड?"

"पासवर्ड नाही, बोट ओळखणं नाही, काही नाही. मार खाताना कुणाला पासवर्ड आठवतो?"

"मला तर माझं नाव आठवत नाही," ताई म्हणाली, आणि या वेळी ती खरंच हसली.

धाकटीने फोन ताईच्या गाऊनच्या खिशात घातला आणि तिच्याकडून सराव करून घेतला. न बघता. अंगठा खालच्या कडेवरून सरकवायचा, डावा कोपरा, दाब. पुन्हा. ताईचा अंगठा भलताच हुशार निघाला. धाकटीला तिचा अभिमान वाटला. एवढ्या एका अंगठ्यावर एक बाई सुटू शकते, असं ती मनापासून मानत होती. पुरावा हवा. पुरावा असला की बाकी सगळं होतं.

शेवटी खात्री करायला तिने पडदा उजळला. दोन कोपऱ्यांत दोन गोल खुणा. आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक बारीक तिरकी रेघ.

तिने ओढणीने काच पुसली. रेघ गेली नाही.

"पडला होता का?"

"कोण? मी की फोन?"

"ताई."

"फोन नाही पडला."

पडदा विझला तशी रेघही विझली. ओरखडा असता तर तो काळ्या काचेवरही दिसला असता. पण हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि तोवर खाली टक् झालं होतं, फार लवकर, आणि ताईने दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरला होता.

२

पहिलं रेकॉर्डिंग केंद्रात आलं तेव्हा ती डबा उघडत होती. तिने इयरफोन लावले आणि वही पुढे ओढली, कारण काय ऐकू येतं ते तिथल्या तिथे लिहून काढायची तिची पद्धत होती.

आधी भाऊजींचा आवाज. शब्द नेहमीचेच. मग पहिली थप्पड, मग दुसरी, मग काहीतरी पितळी गडगडत गेलं. ताई ओरडत नव्हती. लाथा बसताना तिच्या तोंडून हवा बाहेर पडायची, पिशवीतून पडावी तशी. डोकं फरशीवर आपटलं, तो आवाज धाकटीने लिहिला नाही. तिच्याने लिहवेना.

मग किर्र.

लांब, सरळ, अगदी जवळ, जणू कुणी फोनवरच हिरकणी फिरवतंय. भाऊजी बोलायचे थांबले. शांतता. ती इतकी लांबली की रेकॉर्डिंग संपलं असं तिला वाटलं.

टक्.

यानंतर भाऊजींनी जी किंकाळी फोडली ती ऐकून तिने इयरफोन ओढून काढले, तरी टेबलावर पडल्या पडल्या ते ओरडत राहिले. तिने पुन्हा कानाला लावले तेव्हा खाली कोसळलेल्या माणसाचं हुंदके देणं चालू होतं आणि त्याच्यावरून ताईचा आवाज येत होता. शांत, थोडा दमलेला.

"झालं?"

नवऱ्याला विचारावं तसं ते नव्हतं. घरात काम करायला आलेल्या माणसाला विचारतात तसं होतं.

धाकटी धावतपळत पोचली तेव्हा ताई फरशी पुसत होती. फडकं पिळलं की बादलीतलं पाणी आणखी लाल व्हायचं. भाऊजी खाली दुकानात बसले होते, हाताला कोपरापासून मनगटापर्यंत बँडेज.

"काच निसटली," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "होतं असं कधीकधी. धंदाच तसा."

त्यांच्या हातून काच कधी निसटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बायकोवर उठणारे ते हात काचेला मात्र तान्ह्या बाळासारखे जपायचे. टाके घालणारा डॉक्टर म्हणे विचारत होता, पट्टी लावून कापलं का?

"तू काय केलंस?" धाकटीने वर जाऊन विचारलं.

"तू शिकवलंस तेच. डावं आधीच दाबलं होतं, मग तुला फोन लावायला गेले, पण कपाळावरचं रक्त डोळ्यांत आलं, उजवा कोपरा सापडला नाही." ताईने फडकं झटकलं. "मधलं दाबलं गेलं."

"मधलं बटण नाहीये, ताई."

"तूच तर टाकलंस."

३

सेटिंगमध्ये जागा दोनच होत्या. डावी आणि उजवी. धाकटीने दोन्ही रिकाम्या केल्या. खुणा गेल्या, मधली रेघ राहिली. दोन्ही पुन्हा भरल्या. रेघ तशीच. फोन बंद करून चालू केला. जुने फोटो, निरुपयोगी ॲप्स, सगळं धुऊन काढलं. कुलपाचा पडदा उजळला की खाली मधोमध ती रेघ हजर.

तिची बुद्धी काही हार मानणारी नव्हती. पडदा आतून बिघडला असेल. ताईला बसलेल्या धक्क्यात काहीतरी वेगळंच घडलं असेल. झटापटीत काच फुटली असेल आणि ताई घाबरून सांगत नसेल. हे शेवटचं तिला पटलं, कारण ते पटवून घेतल्यावर तिला झोप लागत होती.

दुरुस्तीचा बहाणा करून ती फोन घेऊन रस्त्यापलीकडच्या मोबाइलवाल्याकडे गेली. बोलका माणूस होता. काउंटरच्या काचेखाली जुन्या फोनांचे सांगाडे मांडलेले.

"काय झालंय याला? नवरा लग्नाचा वाढदिवस विसरला म्हणून आपटला?"

"मधे एक रेघ दिसते. काढून द्या."

त्याने वरची संरक्षक काच सोलून काढली. मग पडदा काढून दुसरा बसवला. उजळला. रेघ होती. त्याने डोळ्यांपाशी फोन धरला.

"हे बिघाड नाही, मॅडम. हे बटण आहे. असं तिसरं बटण कुठल्याच फोनला नसतं, पण हे..."

"दाबू नका," असं ती म्हणाली खरी, पण त्याचा अंगठा तोवर टेकला होता.

आवाज काउंटरच्या त्याच्या बाजूने सुरू झाला. किर्र. काचेवर एक रेघ उमटत तिच्या दिशेने आली. कुणी ओढत नव्हतं आणि ती पट्टीसारखी सरळ येत होती. कड आली तिथे रेघ थांबली नाही. धाकटीला गळ्याखाली काहीतरी थंड टेकलं आणि तिरकं खाली सरकलं. ती मागे फेकली गेली, स्टुलावरून, दाराच्या चौकटीवर. म्हणूनच वाचली. टक् झालं तेव्हा काउंटर दुभंगून सगळे सांगाडे जमिनीवर सांडले आणि तिच्या कुडत्याचे दोन तुकडे लोंबायला लागले. खाली, गळ्याखालच्या हाडावर, केसाएवढी लाल रेघ होती. तिच्यातून थेंब सावकाश, एका मापाचे, बाहेर येत होते.

मोबाइलवाल्याने फोन पुठ्ठ्यावर ठेवून काठीने तिच्याकडे ढकलला.

"माझ्याकडे आणू नका परत," तो म्हणाला. "कुणाकडेच नेऊ नका."

४

"जवळ जो असेल त्याला लागतं," ताईने सांगितलं. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं हे सांगावं, तसं. "ज्याचा अंगठा, त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल तो. मी कबुतरावर करून बघितलं."

"कबुतरावर?"

"खिडकीत बसतात ती. दोन अर्धी झाली. रक्त फारसं नाही निघालं."

धाकटीने खुर्चीची पाठ धरली. तिने येताना सगळं ठरवलं होतं. फोन फोडायचा, ताईला घेऊन निघायचं, केंद्राच्या खोलीत ठेवायचं, तक्रार द्यायची. ते सगळं तिने धडाधडा बोलून टाकलं. आपल्याजवळ रेकॉर्डिंग आहे, कायदा आहे, मी आहे. ताई ऐकत राहिली, लहान मुलाचं गाणं ऐकावं तशी.

"तुझा कायदा किती दिवसांत येईल?"

"वेळ लागेल, पण..."

"हा लगेच येतो." तिने फोन खिशात सरकवला. "इतकी वर्षं तो जिना चढायला लागला की मी ओटा धरून उभी राहायचे. आता बघ."

तिने हाक मारली नाही, नुसती वाटी वाजवली. भाऊजी वर आले. दाराच्या बाहेरच उभे राहिले. दोन्ही हातांवर, मानेवर, गालावर बँडेज. त्यांनी ताईच्या आणि आपल्या मधल्या अंतराकडे बघितलं, मग धाकटी कुठे उभी आहे ते बघितलं.

"काही हवं होतं का?" त्यांनी विचारलं.

"जेवणाचं ताट खाली तसंच ठेवलंस."

"घासतो. आत्ता घासतो."

"ताई, जाऊ दे ना."

"तू मागे हो," ताई म्हणाली. "अजून. त्या कपाटापाशी जा. हं, तिथेच."

तिने अंतर नजरेने मोजलं, गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घ्यावं तसं. धाकटीला कळेपर्यंत तिचा हात खिशात गेला होता.

"ताई, नको."

भाऊजी पळाले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि उजवा हात पाठीमागे लपवला, हिरकणी धरायचा तो हात. किर्र. धाकटीने तोंड फिरवलं आणि त्यामुळे तिला ते कपाटाच्या काचेत दिसलं. दाराच्या चौकटीत भाऊजी एकटे नव्हते. त्यांच्यावर कुणीतरी ओणवं झालं होतं, कामाच्या टेबलावर होतात तसं. एका हाताने त्यांच्या डोक्याच्या बाजूला काहीतरी सरळ टेकवून धरलेलं. दुसरा हात त्याच्या कडेने सरकत होता, मन लावून. चेहरा नव्हता, किंवा तो कामात इतका झुकलेला होता की दिसला नाही.

शांतता. त्या ओणव्याने हात उचलला आणि वाट बघितली.

टक्.

कान फरशीवर पडला तेव्हा फार हलका आवाज झाला.

"झालं?" ताई म्हणाली.

५

यात गुन्हेगार कोण, हे धाकटीला कुणी विचारलं असतं तर महिन्यापूर्वी तिने झटक्यात सांगितलं असतं. आता ती केंद्रातल्या टेबलाशी बसून तेच ते रेकॉर्डिंग ऐकत होती आणि तिची वही कोरी होती. मार खाणाऱ्याच्या बाजूने उभं राहायचं, हे तिचं एकमेव व्रत होतं. त्यात अमुक माणूस सोडून, असं कुठे लिहिलं नव्हतं.

म्हणून ती सकाळी दुकानात गेली. भाऊजी काचेपुढे बसले होते. हिरकणी रॉकेलमध्ये बुडवून काढत होते, पुन्हा बुडवत होते, कापत काहीच नव्हते.

"निघून जा इथून, भाऊजी. मी कुठेतरी सोय करते."

"मी?" ते हसले, एका बाजूने. "तुझ्या त्या बायकांच्या खोलीत?"

"तुम्ही काय केलंत ते मी विसरलेले नाही. ते कधीच विसरणार नाही. पण असं कुणालाच कापलं जाऊ नये. तुम्हालाही नाही."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं की नाही हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"झोपेतसुद्धा फोन मुठीत असतो तिच्या," ते हळूच म्हणाले. "अंघोळीला जाते तेवढाच काय तो खाली ठेवते. पण काय उपयोग. कुलूप लावलेलं असतं. आकडे मला माहीत नाहीत."

आणि समोर बसलेल्या कुठल्याही बाईला धाकटीने जे सांगितलं असतं, जे ती रोज सांगायची, ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"आकडे लागत नाहीत. कुलूप असतानाच चालतं ते. कुणाच्याही बोटाने."

भाऊजींनी हिरकणी पुसून नीट डबीत ठेवली.

"असं होय," ते म्हणाले.

६

रस्ता अर्धा ओलांडल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. ती वळली आणि धावली. दुकानात कुणी नव्हतं. जिना चढताना वर नळ बंद झाल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघरात ताई दारापाशी उभी होती, ओल्या केसांनी, भिंतीला पाठ लावून. पलीकडे ओट्याजवळ भाऊजी. मधे नुसती फरशी. फोन त्यांच्या हातात होता आणि पडदा उजळलेला होता.

"बराच वेळ वापरलास," ते ताईला म्हणत होते. आवाज जुना होता, पूर्वीचा. "आता माझी पाळी. आधी हात. मग तोंड. घाई नाही. घाईत काच वाकडी तुटते."

धाकटीने ताईला लहानपणापासून पाहिलं होतं, मार खाऊन आलेली पाहिली होती, पण तिच्या चेहऱ्यावर असली भीती कधी पाहिली नव्हती. पायाखाली ओघळ आला होता आणि तो अंघोळीच्या पाण्याचा नव्हता.

पुढचं धाकटीने विचार न करता केलं. ती ताईला ओलांडून पुढे गेली, फरशीच्या मधोमध, भाऊजींच्या समोर. आता सगळ्यात जवळ ती होती.

"द्या तो फोन इकडे."

"बाजूला हो," भाऊजी म्हणाले. "तुझ्याशी माझं भांडण नाही. तू भली पोर आहेस."

"नाही होणार. दाबायचं तर माझ्यावर दाबा."

हे बोलताना तिची छाती भरून आली. ज्यासाठी एवढ्या लांबून आले ते हेच, असं तिला वाटलं. हा माणूस तिला मारणार नाही, आणि मारणार नाही म्हणून ताई वाचेल. भाऊजींचा अंगठा खरंच थांबला होता. त्यांनी ओठ चावला. एकदा धाकटीकडे, एकदा तिच्या खांद्यावरून मागे बघितलं.

मागे बघताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांना तिथे काय दिसलं कोण जाणे. बायको दिसली असेल, की तिच्या शेजारी आणखी कुणी. त्यांच्या घशातून कुत्र्यासारखा आवाज निघाला आणि अंगठा काचेवर आपटला.

किर्र.

थंड टोक धाकटीच्या डाव्या खांद्यावर टेकलं. त्या क्षणी तिची सगळी हिंमत पाण्यासारखी वाहून गेली. मरायचं नाही, एवढं एकच तिच्या अंगात उरलं. मोबाइलवाल्याकडे जसं केलं तसं मागे फेकावं स्वतःला, एवढाच विचार, आणि तिने पाय उचललाही.

पाठीवर दोन हात होते. ओले, साबणाचा वास येणारे. तिला वाटलं, ताई मागे ओढतेय. तिने अंग सैल सोडलं, लहानपणी सोडायची तसं.

हातांनी ओढलं नाही. त्यांनी तिच्या दंडांना घट्ट धरलं आणि होती तिथेच, सरळ, ताठ उभी ठेवली, जशी भाऊजी रेघ ओढताना काच धरायचे. रेघ छातीवरून तिरकी उतरत पलीकडच्या बरगडीशी आली आणि थांबली. खोलीत एकदम शांत झालं.

शांतता लांबत गेली. ताईची हनुवटी तिच्या खांद्यावर येऊन टेकली. ती रडत होती, पण हात जराही ढिले झाले नव्हते.

"मला आता मार खायची सवय राहिली नाही गं," ती धाकटीच्या कानात म्हणाली.